हेड्रियनची भिंत: तिला इतके दरवाजे कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तरेकडच्या रानटी टोळ्यांना रोखायला रोमनांनी ब्रिटनमध्ये भिंत बांधली, असं आपण शाळेपासून वाचतो. पण आराखडा पाहिला तर तिच्यात दर मैलाला एक दरवाजा दिसतो. अडवायचंच होतं तर दरवाजे का ठेवले? शिवाय ती हेड्रियन या रोमन सम्राटानेच बांधली हे कशावरून? आणि रोमन निघून गेल्यावर तिचं काय झालं?

यातला दरवाजांचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझं काम जुन्या दगडी बांधकामांचे थर वाचण्याचं आहे. कोणती भिंत कोणत्या पायावर चढली, कोणता खंदक कोणत्या जोत्याखाली गाडला गेला, हे पाहून क्रम लावायचा. हेड्रियनच्या भिंतीवर या पद्धतीने अभ्यास करताना एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसत आली आहे: या भिंतीचा इतिहास म्हणजे तिच्या दरवाजांचा इतिहास. ती बांधली तेव्हा ओलांडता यावी अशीच बांधली होती. मग बांधकाम चालू असतानाच वाटा कमी झाल्या, आणि पुढच्या पिढ्यांनी उरलेल्यांपैकी पुष्कळ बुजवल्या. त्यामुळे भिंत कशासाठी होती, याचं उत्तर कोणत्या सालातली भिंत यावर अवलंबून आहे.

आधी भूगोल, कारण तिथेच गल्लत होते. ही भिंत म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंडची सरहद्द नव्हे. ती पूर्णपणे आजच्या इंग्लंडमध्ये आहे. पूर्वेला टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. पश्चिमेला आजची सरहद्द खाडीपलीकडे नजरेच्या टप्प्यात आहे, पण पूर्व टोकापासून ती शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे. भिंतीच्या उत्तरेलाही रोमनांचे किल्ले होते, उदाहरणार्थ ब्यूकॅसल आणि बिरेन्स. म्हणजे भिंतीपाशी रोमची सत्ता संपत नव्हती.

आता हेड्रियनचा पुरावा. आज हे नाव इतकं पक्कं झालं आहे की जवळजवळ हजार वर्षं लोक दगडी भिंतीचं श्रेय दुसऱ्यांनाच देत होते, हे सांगितलं तर आश्चर्य वाटतं. बीड हा संन्यासी इतिहासकार आठव्या शतकात वॉल्सएंडपासून काही किलोमीटरवरच्या जॅरोच्या मठात राहत होता. भिंत त्याच्या परिचयाची होती. ती ८ फूट रुंद आणि १२ फूट उंच असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पण त्याच्या मते मातीचा बांध सेप्टिमियस सेव्हरस या सम्राटाने घातला आणि दगडी भिंत रोमन निघून जाण्याच्या सुमारास उभी राहिली. पुढच्या काळातल्या अभ्यासकांनीही दगडी भिंत सेव्हरसच्याच नावावर ठेवली, कारण उत्तरकालीन रोमन लेखक तसंच लिहीत होते. सम्राटांच्या चरित्रांचा एक लॅटिन संग्रह तेवढा सांगत होता की हेड्रियनने ८० मैलांची भिंत घातली, ‘रानटी लोक आणि रोमन यांना वेगळं करण्यासाठी’. पण तो संग्रह हेड्रियननंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी लिहिलेला आणि ठिकठिकाणी बनावट मजकुराने भरलेला. त्यावर विसंबायचं कसं?

निकाल लावला तो दगडांनी. मैलचौक्यांमध्ये, म्हणजे भिंतीतल्या दर मैलाच्या छोट्या गढ्यांमध्ये, सापडलेल्या कोरीव शिळांवर सम्राट ट्रेजन हेड्रियन ऑगस्टस (हे हेड्रियनचंच अधिकृत नाव), दुसरं लीजन (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी पलटण) आणि प्रांताधिपती प्लॅटोरियस नेपोस अशी तीन नावं एकत्र येतात. या शिळा त्या चौक्यांच्या मूळ बांधकामातल्या आहेत, मागाहून बसवलेल्या नाहीत. जॉन हॉजसन या धर्मोपदेशक-इतिहासकाराने १८४० मध्ये त्यांच्या आधारे मांडलं की भिंत, चौक्या, किल्ले आणि दक्षिणेकडचा खंदक हे सगळं हेड्रियनच्याच काळातलं आहे. पुढच्या उत्खननांनी त्याला दुजोरा दिला. नेपोसची तारीख तर आणखी लांबून मिळाली. हंगेरीत सापडलेल्या एका निवृत्त सैनिकाच्या कांस्यपत्रावर १७ जुलै १२२ ही तारीख आहे आणि ब्रिटनचा प्रांताधिपती म्हणून नेपोसचं नाव आहे. हेड्रियन स्वतः त्याच वर्षी ब्रिटनला आला होता. म्हणून भिंतीची सुरुवात इ.स. १२२ अशी धरतात.

मग सेव्हरसचं नाव कुठून आलं? त्याच्या काळात, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, भिंतीची इतकी मोठी दुरुस्ती झाली की काही पट्टे जवळजवळ नव्याने बांधावे लागले. त्या कामातला चुना पांढरा आणि विलक्षण कडक आहे. सवयीच्या हाताला तो पटकन ओळखता येतो. हेड्रियनच्या मूळ भिंतीत पुष्कळ ठिकाणी आतली भर नुसत्या मातीत आणि दगडगोट्यांत आहे. पाहणाऱ्यांना जी भक्कम भिंत दिसली तिच्यात सेव्हरसचा हात खरोखरच होता. जुने लेखक अगदीच चुकीचे नव्हते.

आता मूळ मुद्दा, बांधकामाचा क्रम. पहिला आराखडा कागदावर अतिशय सरळ होता. पूर्वेकडच्या भागात १० रोमन फूट रुंदीची दगडी भिंत. इर्दिंग नदीच्या पश्चिमेला गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांची भिंत, पायाशी सुमारे ६ मीटर रुंद. दर रोमन मैलाला, म्हणजे साधारण १,४८० मीटरवर, एक छोटी गढी. तिला इंग्रजीत माइलकॅसल म्हणतात, मी मैलचौकी म्हणतो. दोन मैलचौक्यांमध्ये दोन टेहळणी बुरूज. समोर, म्हणजे उत्तरेला, खंदक. आणि प्रत्येक मैलचौकीला दोन दरवाजे: एक दक्षिणेला, एक थेट भिंतीतून उत्तरेला. हिशेब केला तर ८० ठिकाणी भिंत ओलांडायची सोय.

हा आराखडा जागेवर उभ्या असलेल्या माणसाने केलेला नाही, हे कॉफील्ड्सच्या मैलचौकीवर गेल्यावर लगेच कळतं. ती तीव्र उतारावर बसवली आहे. थोडं पश्चिमेला सरकलं असतं तर डोंगराच्या खिंडीत सपाट जागा होती आणि तिथून वाटही नीट जाते. पण अंतराचं गणित सांगत होतं इथेच, म्हणून चौकी इथेच आणि तिचा उत्तर दरवाजाही इथेच, घसरणीवर उघडणारा. हेड्रियनला वास्तुरचनेची हौस होती हे सर्वश्रुत आहे. मूळ कल्पना त्याची स्वतःची असावी असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. वरून आलेला हुकूम होता, तो शब्दशः पाळला गेला.

हुकूम असा का असावा? हेड्रियन ११७ मध्ये गादीवर आला तेव्हा आधीच्या सम्राटाने, ट्रेजनने, पूर्वेकडे जिंकलेला मुलूख रोमला पेलवत नव्हता. हेड्रियनने तो सोडून दिला. ब्रिटनला येण्याआधी तो जर्मनीच्या सीमेवर होता आणि तिथेही त्याच्या काळात लाकडी खांबांचं लांबच लांब कुंपण उभं राहिलं. साम्राज्य आता वाढवायचं नाही, आहे ते आखून घ्यायचं, हे त्याचं धोरण होतं. आणि ब्रिटनमध्ये त्या वेळी लढाई झालीही होती. फ्रॉन्टो या वक्त्याने पुढे मार्कस ऑरेलियसला लिहिलेल्या पत्रात हेड्रियनच्या काळात ब्रिटनांच्या हातून किती सैनिक मारले गेले याची आठवण काढली आहे. व्हिंडोलांडाच्या किल्ल्यात युद्धात मारल्या गेलेल्या एका सेंच्युरियनची, म्हणजे तुकडीनायकाची, समाधिशिळा सापडली आहे. धोका कल्पित नव्हता.

पण धोका खरा असला तरी दरवाजे ठेवण्यामागे अर्थ आहे. ज्या मुलखातून ही रेघ ओढली तिथे लोक राहत होते. त्यांची शेतं भिंतीखाली सापडली आहेत. अनेक ठिकाणी भिंतीच्या पायाखाली नांगराचे ओरखडे आहेत. गुरं उत्तरेकडच्या कुरणात जायची, नातीगोती दोन्हीकडे होती, माल ये-जा करायचा. हे सगळं बंद करणं रोमला परवडणारं नव्हतं आणि हवंही नव्हतं. हवं होतं ते इतकंच की माणूस जाईल तो दरवाजातून जाईल, दिवसाउजेडी, सैनिकांच्या नजरेसमोरून, आणि मालावरचा कर भरून. आपल्याकडच्या जुन्या जकात नाक्यासारखी ही व्यवस्था: रस्ता बंद नसतो, पण नाक्यावर थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाच-पन्नास घोडेस्वारांची टोळी गुरं हाकून नेत असेल तर तिला मात्र भिंत मोठी अडचण होती. माणूस एकवेळ भिंतीवर चढेल, चोरलेली गुरं चढत नाहीत.

इथवर पहिला आराखडा. पण तो पूर्ण होण्याआधीच बदलला, आणि बदलाचा पुरावा दगडात आहे. चेस्टर्सच्या किल्ल्याखाली एक टेहळणी बुरूज आणि बुजवलेला खंदक सापडला. हाउसस्टेड्सच्या किल्ल्याच्या आतही एका बुरुजाचा पाया आहे. याचा अर्थ उघड आहे. भिंत आणि बुरूज आधी बांधले गेले, मग कोणीतरी ठरवलं की इथे संपूर्ण किल्ला हवा. बुरूज पाडला, खंदक भरला, वर किल्ला बसवला. मूळ योजनेत मोठी शिबंदी भिंतीपासून दूर, दक्षिणेकडच्या जुन्या लष्करी रस्त्यावर राहणार होती. आता ती भिंतीवरच आणली गेली.

आणि त्या पहिल्या किल्ल्यांचे दरवाजे पाहा. चेस्टर्स, हॉल्टन, रडचेस्टर, वॉल्सएंड या किल्ल्यांचा पुढचा भाग भिंतीच्या उत्तरेला काढलेला आहे, इतका की चार मुख्य दरवाजांपैकी तीन उत्तरेकडच्या मोकळ्या मुलखात उघडतात. जो सेनापती भिंतीच्या आत बसून मार खायच्या तयारीत असतो तो असा किल्ला बांधत नाही. इथे विचार असा आहे की खबर येताच एकाच वेळी तीन दरवाजांतून घोडदळ बाहेर पडावं आणि शत्रूला उघड्या मैदानात गाठावं. रोमन सैन्याची ताकद मैदानात होती. मैलचौकीच्या एका अरुंद दरवाजातून पाचशे स्वार बाहेर काढायला किती वेळ लागला असता याची कल्पना करा, म्हणजे आराखडा का बदलला ते कळेल. बांधकाम चालू असतानाच कुठेतरी गडबड झाली असावी आणि जुन्या योजनेतली ही उणीव उघडी पडली असावी, असा माझा अंदाज आहे.

याच सुमारास भिंतीची रुंदीही कमी झाली, १० फुटांवरून ८ फूट किंवा त्याहून कमी. प्लेनट्रीज नावाच्या शेतात हे अक्षरशः एका नजरेत दिसतं. रुंद पाया पुढे जात राहतो, पण त्यावरची भिंत अचानक अरुंद होते. पाया घालणारी टोळी पुढे निघून गेली होती आणि मागून आलेल्या गवंड्यांना नवा हुकूम मिळाला होता. ब्रंटनच्या बुरुजाला एका बाजूने रुंद भिंत येऊन मिळते, दुसऱ्या बाजूने अरुंद. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे दोन तुकडे जास्त शिकवतात.

बांधणारे हात सैनिकांचेच होते. कार्लियनचं दुसरं, यॉर्कचं सहावं आणि चेस्टरचं विसावं अशा तीन लीजनांनी लांबी वाटून घेतली. आपला हिस्सा संपला की तुकडीचं नाव कोरलेला छोटा दगड बसवायची पद्धत होती. असे दगड मोठ्या संख्येने सापडले आहेत आणि त्यांवरून कोणी कुठे काम केलं याचा माग लागतो. लाइमस्टोन कॉर्नरला खंदक अर्धवट सोडलेला आहे. तिथला व्हिन सिल नावाच्या थराचा काळा खडक इतका कठीण निघाला की पाचरींसाठी भोकं पाडलेला प्रचंड धोंडा आजही तसाच पडून आहे.

किल्ल्यांनंतर आला व्हॅलम, आणि दरवाजांच्या गोष्टीतलं हे सर्वांत मोठं वळण आहे. भिंतीच्या दक्षिणेला, म्हणजे रोमच्या स्वतःच्या बाजूला, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, सपाट तळाचा खंदक आणि दोन्ही बाजूंना मातीचे बांध. एकूण पट्टा सुमारे ३६ मीटर रुंद. तो किल्ल्यांना वळसा घालून जातो, म्हणजे किल्ल्यांची जागा ठरल्यानंतरचा आहे. तो ओलांडायच्या वाटा ठेवल्या त्या मुख्यतः किल्ल्यांसमोर. न्यूकॅसलमधल्या बेनवेलच्या वस्तीत घरांच्या मधोमध अशी एक वाट जपून ठेवली आहे. न खणलेल्या मातीचा पूल आणि त्यावर वेशीचा पाया. मैलचौकीचा दरवाजा आता कितीही उघडा असला तरी दक्षिणेकडून तिथपर्यंत पोचणं सामान्य माणसाला अवघड झालं. ८० वाटांच्या जागी सोळाच्या आसपास वाटा उरल्या, आणि त्या सगळ्या किल्लेदाराच्या दारातून जाणाऱ्या. दक्षिणेकडे तोंड करून एवढा खंदक का खणला? कारण लष्करी हद्दीत, पागा, कोठारं आणि जनावरं यांच्या आसपास कोणी विनाकारण येऊ नये. भिंतीच्या दक्षिणेकडच्या ब्रिगँटीझ टोळीवरही रोमचा पुरता विश्वास नव्हता, असा त्याचा एक अर्थ मी लावतो.

अडवण्याचा मुद्दा मी मोडीत काढतो आहे असं समजू नका. न्यूकॅसलच्या बायकर भागात आणि वॉल्सएंडला भिंत आणि उत्तरेचा खंदक यांच्यामधल्या पट्टीत खड्ड्यांच्या ओळी सापडल्या आहेत. त्यांत टोकदार किंवा काटेरी फांद्या पुरलेल्या होत्या असं दिसतं. ही सोय जकात गोळा करायला लागत नाही. भिंतीच्या माथ्यावरून गस्तीची वाट होती का, यावर अजून वाद आहे, कारण माथा कुठेच शिल्लक नाही. तत्त्वज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवूड यांनी १९२१ मध्ये मांडलं की भिंत ही लढण्याची तटबंदी नसून गस्त घालण्याची उंच वाट होती. खड्ड्यांचा शोध लागल्यापासून संरक्षणाचा विचार पुन्हा जोर धरतो आहे. माझ्या मते दोन्ही कामं एकाच भिंतीकडून अपेक्षित होती, आणि वेगवेगळ्या काळात त्यांचं प्रमाण बदलत गेलं.

पुढची पायरी मला फार बोलकी वाटते. हेड्रियन १३८ मध्ये वारला. त्याच्यानंतरच्या अँटोनायनस पायसने काही वर्षांतच सीमा उत्तरेला सरकवली आणि १४२ पासून फोर्थ व क्लाइड या दोन खाड्यांमध्ये सुमारे ६० किलोमीटरची नवी भिंत घातली, दगडी पायावर मातीच्या ठोकळ्यांची. ते काम करणारा प्रांताधिपती लॉलियस अर्बिकस आजच्या अल्जीरियातला. इकडे हेड्रियनच्या भिंतीवर काय झालं? मैलचौक्यांच्या दरवाजांची झडपं काढून टाकली गेली आणि व्हॅलमचे बांध फोडून जागोजागी ओलांडवाटा केल्या. वीसेक वर्षांपूर्वी ज्या वाटा एवढ्या कष्टाने कमी केल्या होत्या त्या सगळ्या खुल्या. मग नवी भिंत सोडून देऊन सैन्य परत याच ओळीवर आलं. १५८ सालची दुरुस्तीची एक शिळा याची साक्ष देते. दरवाजे पुन्हा बसवावे लागले.

पण आता काळ बदलला होता. इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की कॉमोडस सम्राटाच्या काळात उत्तरेकडच्या टोळ्या भिंत ओलांडून आल्या आणि त्यांनी एका सेनापतीला त्याच्या सैन्यासह कापून काढलं. सेव्हरस स्वतः २०८ मध्ये मोठी फौज घेऊन आला, स्कॉटलंडमध्ये लढला आणि २११ मध्ये यॉर्कला वारला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून सेव्हरसच्या दुरुस्तीपर्यंतच्या काळात अनेक बुरूज पाडून भिंत सलग केली गेली आणि मैलचौक्यांचे उत्तर दरवाजे दगडांनी बुजवून जेमतेम माणूस जाईल एवढे अरुंद केले गेले. हाउसस्टेड्सजवळच्या मैलचौकीत हे काम आजही पाहता येतं. गाडी जाईल एवढी कमान, आणि तिच्या आत घातलेली भर. त्याच हाउसस्टेड्सच्या किल्ल्याखाली, नॅग बर्न ओढ्याच्या काठी, पुढे भिंतीत एक स्वतंत्र वेस पाडली गेली. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या खोल्या आणि पुढे-मागे असे दोन दरवाजे. वाटसरूला मध्ये घेऊन, दोन्ही बंद करून, तपासून सोडता यावं अशी रचना. दोनशे वर्षांच्या अनुभवानंतर रोमनांना समजलं होतं की ८० दरवाजे सांभाळण्यापेक्षा एक नीट दरवाजा बरा.

सीमेपलीकडे पैसाही जात होता. डिओच्याच सांगण्यानुसार व्हिरियस लूपस या प्रांताधिपतीने मीएटी टोळीकडून मोठी रक्कम देऊन शांतता विकत घेतली. स्कॉटलंडच्या उत्तर भागात बर्नी इथे मडक्यांत पुरलेले रोमन चांदीच्या नाण्यांचे दोन साठे मिळाले, ते अशाच देण्याघेण्यातले मानले जातात. भिंतीइतकंच हे चांदीचं धोरणही सीमेचा भाग होतं, आणि सामान्य वाचनात ते पूर्ण गळून जातं.

राहणाऱ्या माणसांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ‘रोमन सैनिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर इटलीचा माणूस येतो. बांधणारी लीजनं आपापल्या ठाण्यांवर परत गेली. भिंतीवर राहिल्या त्या सहायक तुकड्या, जमेल तिथून भरती केलेल्या. बर्डॉसवल्डला डेशियन म्हणजे आजच्या रुमानियातले, चेस्टर्सला स्पेनच्या अस्तुरियासचे स्वार, कार्व्होरानला सीरियाचे तिरंदाज, बर्ग-बाय-सँड्सला उत्तर आफ्रिकेतले मूर, साउथ शील्ड्सला टायग्रिस नदीवरचे नावाडी. साउथ शील्ड्सलाच सीरियातल्या पाल्मिरा शहरच्या बाराटेस नावाच्या माणसाने आपल्या बायकोची समाधिशिळा उभारली. ती रेजिना, दक्षिण ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी टोळीतली, आधी त्याची दासी, मग मुक्त केलेली आणि विवाहित, वय ३०. लॅटिन मजकुराखाली त्याने आपल्या मायबोलीत, पाल्मिराच्या लिपीत, एक ओळ कोरून घेतली: रेजिना, बाराटेसची मुक्त केलेली, हाय! त्या गावात ती ओळ वाचता येणारे किती जण होते कोण जाणे.

व्हिंडोलांडाचा किल्ला भिंतीपासून दीडेक किलोमीटर दक्षिणेला आहे. तिथे १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्या मिळाल्या, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, शाईने लिहिलेल्या. हवा न पोचणाऱ्या ओल्या मातीमुळे त्या टिकल्या. बहुतेक पट्ट्या भिंतीच्या आधीच्या दोन-तीन दशकांतल्या आहेत, पण हीच माणसं, हीच सीमा. क्लॉडिया सेव्हेरा नावाची अधिकाऱ्याची पत्नी मैत्रिणीला, सुल्पिशिया लेपिडिनाला, वाढदिवसाला बोलावते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिते. एक अधिकारी कळवतो की आमच्या माणसांची बिअर संपली आहे, पाठवून द्या. एका हजेरीपत्रकात ७५२ जणांपैकी फक्त २९६ जागेवर आहेत. त्यांतही ३१ आजारी किंवा जखमी, १० जणांचे तर डोळे आलेले. भिंतीवर सैनिक खांद्याला खांदा लावून उभे असत हे चित्र या एका पट्टीने पुसून टाकावं. आणि एका हिशेबात २ दिनारियसची (रोमन चांदीच्या नाण्यांची) मिरी आहे. मिरी त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजाने तांबड्या समुद्रात आणि तिथून अलेक्झांड्रियामार्गे रोमन जगात जायची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेला तो माल उत्तर इंग्लंडच्या गारठ्यात एका साध्या सैनिकाच्या खात्यावर मांडला गेला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता शेवट. भिंत एखाद्या रात्री पडली नाही. ३६७ मध्ये अनेक टोळ्यांनी एकत्र हल्ला केल्याचं अम्मियानस मार्सेलिनस लिहितो, पण त्यानंतरही शिबंदी होतीच, संख्येने मात्र घटलेली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमकडून पगार येणं थांबलं. पगाराविना सैन्य म्हणजे गावकरी. बर्डॉसवल्डच्या उत्खननात दिसलं की धान्याच्या कोठारांपैकी एक राहण्यासाठी वापरलं जाऊ लागलं आणि दुसऱ्याच्या पडक्या जागेवर मोठा लाकडी वाडा उभा राहिला. किल्ल्याचा अधिकारी हळूहळू स्थानिक सरदार झाला असावा आणि त्याची माणसं तिथेच राहिली.

त्यानंतर भिंत म्हणजे घडीव दगडांची आयती खाण झाली. हेक्सहॅमच्या मठाचं तळघर सातव्या शतकात रोमन दगडांतून बांधलं गेलं, बाराव्या शतकातला लॅनरकॉस्टचा मठही तसाच. पण सर्वांत मोठा घाव अठराव्या शतकातला. १७४५ च्या जेकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावात, सरकारी फौजेला तोफा घेऊन न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेत पोचता आलं नाही, म्हणून पुढच्या दशकात लष्करी रस्ता बांधला गेला, आणि कित्येक मैल तो भिंत जमीनदोस्त करून तिच्याच दगडांवर घातला. आज त्या रस्त्याने गाडीतून जाताना आपण भिंतीवरूनच जात असतो.

उरलेली भिंत वाचली त्यात न्यूकॅसलचे नगरलिपिक जॉन क्लेटन यांचा वाटा मोठा आहे. १७९२ ते १८९० एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांनी भिंतीलगतची शेतं आणि किल्ले एकामागून एक विकत घेतले, कारण दगड नेणं थांबवायचा तोच एक खात्रीचा मार्ग होता. त्यांनी पडलेले दगड पुन्हा रचूनही घेतले, चुना न वापरता. मधल्या डोंगरपट्ट्यात पर्यटक ज्या भिंतीचे फोटो काढतात तिचा बराच भाग ही क्लेटन यांची रचाई आहे. अभ्यास करताना हे विसरून चालत नाही. १९८७ पासून भिंत जागतिक वारसा यादीत आहे. पुढे जर्मनीतली रोमन सीमा आणि अँटोनायनसची भिंत याच वारशात जोडल्या गेल्या.

तुम्ही कधी तिकडे जाणार असाल आणि वेळ एकाच दिवसाचा असेल, तर डोंगरावरच्या प्रसिद्ध पट्ट्याआधी चेस्टर्सजवळचे ब्रंटन आणि प्लेनट्रीज पाहून घ्या. तिथे गर्दी नसते. रुंद पाया आणि अरुंद भिंत एकदा डोळ्यांनी पाहिली की मग हाउसस्टेड्सला जा. मैलचौकीचा बुजवलेला दरवाजा आणि नॅग बर्नची वेस चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तीनही गोष्टी याच क्रमाने पाहा.